बांधावरची अर्धी वाट

शहाद्याच्या कडेला पितांबरआबांचं शेत होतं. शेजारचं शेत त्यांच्या धाकट्या बहिणीचं, दगूबाईचं. मधल्या बांधावर दोन्ही घरांनी आपापल्या बाजूची थोडी जागा सोडली होती, त्यातून बैलगाडी जायची. याचा कागद कधी झाला नाही. आमच्याकडे बांधाची वाट अशीच असते, अर्धी तुझी, अर्धी माझी. रोज सकाळी आबा बांध ओलांडून बहिणीकडे दूध न्यायचे आणि तिच्या हातचा चहा पिऊन परतायचे.

गाव वाढलं, दोन्ही शेतांचे प्लॉट पडले. आबांनी आपली अर्धी वाट मोकळी ठेवायला लावली. उरलेल्या अर्ध्याबद्दल भाच्याला, हेमकांतला, विचारलंसुद्धा नाही. बहिणीच्या घरी काय विचारायचं? हेमकांतने त्या जागेवरही प्लॉट पाडले आणि बांधाच्या मधोमध भिंत घातली. त्याच्या कॉलनीला एकच गेट, तेही पलीकडच्या बाजूला. नकाशे दोन होते आणि आपापल्या हद्दीत दोन्ही बिनचूक. ते शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिले नाहीत.

हाकेवरच्या घरी जायला आबांना आता उसाच्या ट्रॅक्टरांमधून मेन रोडने वळसा पडू लागला. गुडघे आधीच गेलेले. त्यांनी भाच्याकडे भिंतीत एक दार मागितलं. तो दाराऐवजी भाडं द्यायला तयार झाला. म्हणाला, "मामा, रिक्षामा या ना. भाडं मी दिसू."

"भाडं नको रे भाऊ, वाट दे. मन्ही बहीण भितनी पलीकडे शे, अन् मी गावले फेरा मारी ऱ्हायनू."

दगूबाईने दोन दिवस अन्न सोडलं, तेव्हा हेमकांत दाराला कबूल झाला. मग नाही म्हणाले ते आबांच्याच बाजूचे लोक. त्यांनी बंद गल्ली पाहून प्लॉट घेतले होते. दार झालं की परक्या मोटरसायकली घुसतील, पोरं खेळणार कुठे? मोकळ्या ठेवलेल्या अर्ध्या वाटेवर तोवर त्यांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या होत्या. सगळ्यांच्या वतीने सांगायला आली ती आबांची सून प्रतिभा. आबांनी दाराचा विषय सोडला आणि वळसा चालू ठेवला.

चैत्रात एकदा ते वळसा घालून पोचले, तेव्हा ओट्यावरच मटकन बसले. दूध नासलं होतं. संध्याकाळी दगूबाईचा फोन आला. "दादा, ऊन शे. नको येत जाऊ."

पावसाळा आला, दिवाळीही झाली. आबा गेले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, तिनेच नको सांगितलंय.