चारशेबाराची ड्युटी

माझ्या थोरल्या बहिणीबद्दल लोक हल्ली काहीबाही बोलतात. कुणी म्हणतं, बाई लबाड निघाली. कुणी म्हणतं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला होता. एकेकाला गाठून सुनावायची माझी तयारी आहे, पण किती जणांच्या मागे धावू? म्हणून काय झालं ते एकदाच सांगून टाकते. मी शिवणकाम करते. ताई मला भांडकुदळ म्हणते. म्हणू दे.

ताई पोलीस ठाण्यात कारकून होती. वर्दी नाही, दंडुका नाही. मागच्या खोलीत एक टेबल, एक पत्र्याचं कपाट आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. तिचं काम एकच, रोजच्या ड्युटीचा तक्ता लावायचा. गेटवर कोण, पुढच्या टेबलावर कोण, कोठडीवर कोण, गस्तीला कोण. तक्त्याच्या चौकटी लहान, म्हणून त्यात नावं नाहीत, नुसते शिपायांचे बक्कल नंबर. सकाळी आठच्या ठोक्याला तक्ता भिंतीवर लागलाच पाहिजे, आणि तिच्या हातून तो एकदाही चुकला नाही. अक्षर असं, की छापलंय की लिहिलंय कळू नये.

ठाण्याला मंजूर माणसं बासष्ट. प्रत्यक्षात असायची पस्तीस, फार तर अडतीस. बाकीचे कुणी बंदोबस्ताला, कुणी मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर, आणि कुणी निवृत्त झालेले, ज्यांच्या जागी वर्षानुवर्षं कुणी आलंच नाही. आणि नियम असा, की कोठडीवर एका वेळी दोघं पाहिजेत. एखादी चौकट रिकामी राहिली की ठाण्याच्या साहेबांनी वर लेखी खुलासा पाठवायचा. मग साहेब ताईवर डाफरणार. म्हणजे माणसं द्यायची नाहीत आणि चौकट मोकळी राहिली तर झापायचं! माझ्याकडे दीड मीटर कापड आणून दोन झगे मागणाऱ्या बायका येतात. त्यांना मी दारातूनच वाटेला लावते. ताईला ती सोय नव्हती.

ही नोकरी तिला भावोजींच्या जागी मिळाली होती. भावोजी त्याच ठाण्यात शिपाई. माणूस म्हणजे नुसता आनंद. मोठ्यानं हसायचे, चहा बशीतून प्यायचे आणि मला चिडवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. एकदा सलग दोन दिवस ड्युटी करून घरी येताना मोटरसायकलवरच त्यांचा डोळा लागला. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता. लग्नाला चार वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. दोन महिन्यांनी ताईला बोलावून त्याच ठाण्यातलं टेबल दिलं. सगळे शिपाई तिला आधीपासून वहिनी म्हणायचे, तेच पुढे चालू राहिलं.

पहिल्याच आठवड्यात एके सकाळी एक माणूस कमी पडला. आठ वाजत आलेले, साहेब दारात उभे राहून ओरडतायत, ताईच्या तोंडचं पाणी पळालेलं. तिला तोंडपाठ असलेला नंबर एकच होता. कोठडीच्या दुसऱ्या चौकटीत तिनं लिहिलं, चारशेबारा. भावोजींचा नंबर.

दिवसभर ती दाराकडे बघत बसली. कुणी काही बोललं नाही. साहेबांनी सही केली, तक्ता वर गेला, वरच्यांनी शिक्का मारला. पगाराचं खातं वेगळं, तक्त्याचं वेगळं, दोघांची गाठ कधी पडायची नाही. साहेब दर दोन वर्षांनी बदलायचे, आणि येणाऱ्याला नंबर म्हणजे नंबर. त्याला फक्त चौकट भरलेली हवी. मग जेव्हा जेव्हा माणूस कमी पडेल तेव्हा चारशेबारा. आणि माणूस कमी पडायचा रोज.

जुन्या शिपायांना ठाऊक होतं. त्यांची आपसात थट्टा चालायची. "चारशेबाराकडून शिका काही! रजा नाही, तक्रार नाही, पोट सुटलेलं नाही!" कुणी काम टाळलं की म्हणायचे, "ठेव, चारशेबारा करेल." ताईसुद्धा हसायची. घरी येऊन मला सांगायची आणि मीही पोट धरून हसायचे. हो, मीही हसले. हे पाप एकट्या ताईच्या माथी मारणाऱ्यांनी त्यात मलाही धरावं.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. ताई त्यांना गस्तीला कधी पाठवायची नाही. गेटवरही नाही, तिथे ऊन लागतं. कायम कोठडीवर. तिथे सावली, बसायला बाक, वर पंखा. रविवारी सुट्टी. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, कागदावरच्या माणसाला कसलं ऊन आणि कसली सुट्टी?" ती म्हणाली, "असू दे गं. सकाळी आठ वाजले की मला माहीत असतं, ते कुठे आहेत." मी मशीन चालवत राहिले.

पण त्याचा अर्थ कुणी लावलाच नाही. ताईनं नाही, मी नाही, नऊ साहेबांपैकी एकानंही नाही. अर्थ असा, की कोठडीवर अठरा वर्षं जवळजवळ रोज एकच माणूस होता.

तीन वर्षांपूर्वी सरकारनं नागरिकांची एक समिती नेमली, पोलिसांच्या कामावर लक्ष ठेवायला. एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक डॉक्टर, एक किराणा दुकानदार. त्यांच्यासोबत काम करणारी एक चष्मेवाली मुलगी होती, संशोधक. ठाण्यांत माणसं किती लागतात, आहेत किती, याचा ती अभ्यास करत होती. ताईच्या साहेबांना आनंद झाला. अकरा शिपायांची मागणी कित्येक वर्षं वर धूळ खात पडली होती, आता ती हलेल असं त्यांना वाटलं. त्या मुलीनं तीन वर्षांचे तक्ते मागून नेले. गुणी पोर. ताईच्या अक्षराचं कौतुक करून गेली.

दोन महिन्यांनी अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, या ठाण्यात सर्व जागांवर पूर्ण हजेरी आढळते, सबब वाढीव माणसांची गरज दिसत नाही.

ताई त्या दिवशी घरी आली ती भिंतीला टेकून खालीच बसली. म्हणाली, "माझा तक्ता पाहून नाही म्हटलं त्यांनी."

"मग जा आणि सांग त्या मुलीला खरं काय ते!"

"काय सांगू? माझा मेलेला नवरा कामावर येतो म्हणून?" मग म्हणाली, "सांगते. उद्या सांगते."

तो उद्या चार महिने आला नाही.

ठाण्यात एक शिपाई मुलगी होती. चणीनं एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. सत्तावीस वर्षांची, कामाला वाघीण. एका दुपारी कोठडीवर तिची ड्युटी होती. तक्त्यावर तिच्यासोबत चारशेबारा. आत एक म्हातारी बाई, दुकानातून स्वेटर उचलल्याच्या संशयावरून आणलेली. अडीचच्या सुमाराला बाहेर चौकात दोन गाड्या धडकल्या आणि वीसेक माणसं भांडत ठाण्यात शिरली. पुढच्या टेबलावर एकच हवालदार. त्यानं हाक मारली, "चिमणे, मिनिटभर ये गं!" ती गेली. त्या मिनिटाची वीस मिनिटं झाली. म्हातारीला दमा होता. तिचा तोंडात मारायचा पंप तिच्या पिशवीत, पिशवी कुलपातल्या कपाटात, आणि किल्ली चिमणीच्या कमरेला. चिमणी परत आली तेव्हा म्हातारी दाराशी पडलेली होती. हाताची मूठ दाराला टेकलेली. दार वाजवून वाजवून ती गेली होती.

चिमणीला त्याच संध्याकाळी निलंबित केलं. ती रडून सांगत होती, "मी एकटी होते हो!" तक्ता सांगत होता, दोघं होते. म्हणजे पोरगी निष्काळजी, वर खोटारडी. प्रकरण नागरिकांच्या समितीकडे गेलं आणि समितीनं चिठ्ठी पाठवली, बक्कल नंबर चारशेबारा यांना सुनावणीला हजर करावं.

चारशेबारा कोण ते साहेबांना आता कळलं होतं. त्यांनी ताईला आत बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, "वहिनी, एकच शब्द लिहा. त्या दिवशीच्या चौकटीवर लाल शाईनं, गैरहजर. पुढे त्याला फरार दाखवू. चिमणी सुटेल, तुमची नोकरी वाचेल. तुमचं निवृत्तीला दीड वर्षच राहिलंय ना?"

मला विचाराल तर मी म्हटलं, लिही! डोळे मिटून लिही. "मेलेल्या माणसाचं काय वाकडं होणार आहे? पोरगी सुटतेय ना?"

ताई माझ्याकडे बघतच राहिली. "दोन दिवस झोप नव्हती तरी ते ड्युटी सोडून आले नाहीत. त्यांच्या नंबरापुढे मी गैरहजर लिहू?"

"मग खरं सांग आणि घरी बस!" मी ओरडले. अशी मी. माझा जीव तिच्यासाठी तुटत होता आणि तोंडातून आग निघत होती. उठून तिनं कपडे वाळत घातले.

सुनावणी सार्वजनिक वाचनालयाच्या खोलीत होती. लांब टेबलापलीकडे मुख्याध्यापिका, डॉक्टर आणि दुकानदार. कडेला ती चष्मेवाली मुलगी. अलीकडे चिमणी, मान खाली घातलेली. मी ताईशेजारी मागच्या बाकावर बसले होते.

म्हातारीची लेक आली होती. साधी बाई, कुठल्याशा कारखान्यात डबे भरण्याचं काम करणारी. मुख्याध्यापिकेनं तिला विचारलं, काही सांगायचंय का. ती उठली. म्हणाली, "ही पोरगी बाहेर गेली, तिला बोलावलं म्हणून गेली, ते मला समजलं. पण दुसरा तिथेच होता ना? त्या चारशेबाराला माझ्यापुढे आणा. मला त्याला एवढंच विचारायचंय, माझी आई दार वाजवत होती तेव्हा तू काय करत होतास?"

साहेब खाकरले. त्यांचं तोंड उघडण्याआधी ताई उभी राहिली.

"बाई, ते येणार नाहीत," ती म्हणाली. "चारशेबारा माझे यजमान. त्यांना जाऊन अठरा वर्षं झाली. नंबर मी लिहीत होते."

ती लेक हळूहळू बोलली, जणू स्वतःला समजावून सांगत होती. "म्हणजे माझ्या आईपाशी कुणीच नव्हतं?"

"कुणीच नव्हतं."

"आणि हे तुम्हाला रोज माहीत होतं?"

"हो," ताई म्हणाली. तिनं हात जोडले.

"हात जोडू नका," ती बाई म्हणाली. "मी तुम्हाला माफ करणार नाही." आणि ती खाली बसली. मला राग येईल असं वाटलं होतं. नाही आला. तिच्या जागी मी असते तर टेबल उलटवलं असतं.

चिमणी कामावर परत आली, पण कोठडीवरची ड्युटी ती मागून मागून बदलून घ्यायची. सहा महिन्यांत तिनं नोकरी सोडली. चष्मेवाली मुलगी पुन्हा कामाला लागली. अठरा वर्षांचे जुने तक्ते काढून चारशेबारा किती वेळा आला ते मोजू लागली. तीन रविवार ती आमच्या घरी येऊन बसत होती. आकडा निघाला चार हजार तीनशे सहा. एकदा मोजता मोजता तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणाली, "मी नुसते कागद बघितले हो. एक दिवस येऊन माणसं मोजली असती तर?" मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार? तिच्या नव्या अहवालावर ठाण्याला सहा माणसं मंजूर झाली. हवी होती अकरा.

ताईला बडतर्फ केलं. शेवटच्या दिवशी तिचं सामान आणायला मी गेले होते. एक पाण्याची बाटली, एक स्वेटर, चष्म्याची डबी. साहेबांनी बक्कल नंबरांची मोठी वही तिच्यापुढे ठेवली. चारशेबारा कापायचा राहिला होता. ते म्हणाले, "राहू दे वहिनी, मी करतो." ती म्हणाली, "नाही. माझं काम आहे."

तिनं पट्टी ठेवून लाल रेघ मारली. पुढे लिहिलं, मयत. मग तारखेशी पेन थांबलं. साहेब म्हणाले, आजची घाला, म्हणजे मागची भानगड उकरली जाणार नाही. तिनं अठरा वर्षांपूर्वीची तारीख घातली. त्याच छापल्यासारख्या अक्षरात.

मग सवयीनं तिनं दुसऱ्या दिवशीचा तक्ता ओढला आणि भरून टाकला. नवी सहा माणसं अजून यायची होती. कोठडीची दुसरी चौकट तेवढी उरली. पेन त्या चौकटीवर नेऊन ती कितीतरी वेळ बसली. शेवटी टोपण लावलं, तक्ता तसाच साहेबांच्या हातात दिला आणि माझ्याबरोबर बाहेर पडली.

भावोजी गेले तेव्हा ताई रडली नव्हती. सगळे म्हणाले होते, दगड आहे. त्या दिवशी ठाण्याच्या पायरीवर ती बसली आणि लहान मुलासारखी हमसून हमसून रडली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "उद्या सकाळी आठ वाजता ते कुठे असतील गं?"

मी एवढी भांडकुदळ बाई. पण तिचं सामान मांडीवर घेऊन तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिले.