हमी न देणाऱ्या शरयूताई

शरयूताई साने यांची आणि माझी ओळख झाली ती संशयातून. माझी मुलगी गौरी हिने कॉलेज सोडून ताईंच्या वारज्यातील केंद्रात फ्रीज दुरुस्ती शिकायचे ठरवले, तेव्हा मी चौकशीला गेलो. समाजसेवा करणारे माणूस दिसले की त्याच्यामागे कोण आहे, हे मी आधी बघतो. हा दोष आहे असे मी मानत नाही.

"नोकरीची हमी देता का?" मी विचारले.

"नाही," ताई म्हणाल्या. "हमी देणाऱ्यांचे बोर्ड चौकात आहेत. आपण तिकडे विचारा."

मी तिकडेही विचारून आलो आणि गौरीला ताईंकडेच घातले.

लोकांनी फेकायला काढलेली वस्तू चालती करावी आणि त्यावर मुलामुलींनी आयुष्यभर पोट भरावे, हा ताईंचा ध्यास. पद्धत मात्र विचित्र. शेवटच्या परीक्षेसाठी विद्यार्थ्याने आपल्याच वस्तीत कुणाकडे तरी दुरुस्ती करायची. मग ताई एकट्या त्या घरी जातात आणि विचारतात, "पुन्हा याच कारागिराला बोलवाल का?"

गौरीने धायरीत आमच्या शेजारच्या काकूंचा फ्रीज दुरुस्त केला. काकू ताईंना म्हणाल्या, "फ्रीज उत्तम चालतो. पण ती मुलगी नको. मला म्हणते, काकू, हा फ्रीज आहे की माळा?" आमच्या घरी असे बोलणे रोजचेच. ताईंनी तिला नापास केले.

कर्वेनगरच्या एका दुकानात तिची नोकरी ठरल्यातच जमा होती, फक्त प्रमाणपत्र अडले. ती जागा ताईंनी कुणा नातलगासाठी राखली असणार, अशी माझी खात्री झाली. मी तावातावाने केंद्रात गेलो.

"अहो, दुकानदार आज ठेवेल," ताई शांतपणे म्हणाल्या. "दोन गिऱ्हाइकं दुखावली की काढेल. मग ही घरी बसेल आणि या कामात काही राम नाही म्हणेल. ते मला नको आहे."

नोकरी गेली. गौरी खूप रडली. ती जागा कोणाला मिळाली याची मी गुपचूप माहिती काढली. ताईंचे तिथे कोणीच नव्हते, याचे मला जरा वाईटच वाटले.

पुढची तुकडी संपेपर्यंत ताईंनी गौरीला सोबत घरोघरी नेले, आपल्या डब्यातले खाऊ घातले आणि जीभ आवरायला शिकवले. ते मला जमले नव्हते. आज धायरीत तिचे स्वतःचे दुकान आहे आणि काकूंची अख्खी सोसायटी तिच्याकडेच येते. निवृत्तीनंतर मीही केंद्राचा पत्रव्यवहार पाहतो. आत राहिले की नीट लक्ष ठेवता येते.

गेल्या उन्हाळ्यात ताईंचा स्वतःचा फ्रीज बंद पडला. त्यांनी गौरीला फोन केला. तो मीच उचलला आणि विचारले, "ही नवी परीक्षा तर नाही ना?"

"नाही हो," ताई म्हणाल्या. "दूध नासतंय. तिला पाठवा."

त्या दिवशी मला मुलीचा फार अभिमान वाटला. ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही इच्छा मी कोणतीही चौकशी न करता व्यक्त करतो.