एक्सरेकाकांची सोय

बूट गायब झाले, तेव्हाच एक्सरेकाकांनी ओळखलं की या घरात कुठंतरी पाणी मुरतंय.

हे नाव त्यांना आईबापांनी ठेवलेलं नाही. काकांनी सगळी नोकरी एका कारखान्याच्या फाटकावर काढली. भोंगा झाला की कामगार हात वर करून रांगेत उभे राहायचे आणि काका एकेकाला चाचपून बाहेर सोडायचे. डब्याच्या तळाशी दडवलेली तांब्याची तार म्हणा, मोज्यात कोंबलेलं बेअरिंग म्हणा, शर्टाच्या आतला चोरखिसा म्हणा, काही म्हणून सुटायचं नाही. "हा माणूस आहे की एक्सरे?" असं कुणीतरी वैतागून म्हणालं आणि ते नाव जन्माचं चिकटलं. त्यांची पद्धतही ठरलेली होती. संशय आला म्हणून लगेच बोंब मारायची नाही. हसून जाऊ द्यायचं, पुन्हा जाऊ द्यायचं, आणि गडी निर्धास्त झाला की एक दिवस मुद्देमालासकट धरायचा.

मग एके सकाळी दात घासताना त्यांना झटका आला. डावा हात लोंबता झाला, डावा पाय फरफटायला लागला. डोकं आणि जीभ मात्र शाबूत राहिली. घरच्यांच्या मते जरा जास्तच शाबूत राहिली.

आणि सगळ्यात मोठं भांडण सुरू झालं ते कपड्यांवरून. एका हातानं शर्टाची बटणं लावायची म्हणजे काय खायचं काम आहे? काका खोलीचं दार लावून सकाळभर झगडायचे आणि घामाघूम होऊन बाहेर यायचे, तर वरचं बटण खालच्या काजात. सूनबाई मदतीला गेली की खेकसायचे, "मी काय कुकुलं बाळ आहे?" मुलानं एकदा दुकानातून इलॅस्टिकची ढगळ पॅंट आणि बिनलेसचे मऊ बूट आणले. काकांनी ती पॅंट उलटसुलट बघितली, "ही पॅंट आहे की उशीची खोळ?" म्हणाले, आणि दोन्ही वस्तू गॅलरीतून थेट रस्त्यावर भिरकावल्या. खालच्या इस्त्रीवाल्यानं त्या निमूट वर आणून दिल्या, म्हणून लाज आणखीच गेली.

तेव्हापासून काकांनी बाहेर जाणंच सोडलं. बनियन घालून खिडकीशी बसायचे आणि रस्त्यावरच्या लोकांच्या पिशव्यांकडे बघून कुणी काय लपवलंय त्याचा अंदाज बांधायचे. बाहेर जाईन तर नोकरीतल्या काळ्या, लेस बांधायच्या बुटांत आणि खाकी शर्टात जाईन, नाहीतर जाणार नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. आणि नेमके तेच बूट आता रॅकवरून गेले होते.

"सूनबाई, माझे बूट?"

"असतील की इथंच कुठंतरी," सूनबाई भाजी चिरता चिरता म्हणाली. वर मान करून बघितलंसुद्धा नाही. फाटकावर जो माणूस वर बघत नाही, त्याच्याच डब्यात माल असतो. काका गोड हसले. जाऊ दिलं.

चार दिवसांत खाकी शर्ट गेला. मग पितळी बकलाचा पट्टा गेला. एका संध्याकाळी काका आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते, तर सुजऱ्या डाव्या पायाला काहीतरी गार लागलं. पापणी किलकिली करून बघतात तो काय, सूनबाई खाली वाकून टेपनं त्यांच्या पावलाचं माप घेतेय! झोपलेल्या माणसाचं माप कुणी घेतं का हो? जिवंत माणसाचं माप त्याला विचारून घेतात. काकांनी घोरायचा आवाज मात्र थांबवला नाही.

त्यानंतर दुपारच्या वेळी सूनबाईच्या बंद खोलीतून आवाज यायला लागला. चर्रर्र. मग शांत. मग पुन्हा चर्रर्र. हा आवाज काकांना पक्का माहीत होता. कारखान्याचा माल बाहेर निघताना खोक्यांना चिकटपट्टी मारतात, तोच. कुणाचं तरी सामान बांधलं जातंय. कुणाचं, ते कळायला एक्सरे कशाला लागतोय?

आणि एक दिवस तिचं फोनवरचं बोलणं कानावर आलं. "हो ना, बाबांची एकदा सोय झाली की मी सुटले. नाही, त्यांना कळू द्यायचं नाही. कळलं तर घर डोक्यावर घेतील."

सोय! म्हाताऱ्या माणसाची सोय लावतात म्हणजे काय करतात, हे का त्यांना माहीत नव्हतं? वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची अशीच सोय लावली होती त्यांच्या मुलांनी. गावाबाहेरच्या कुठल्याशा आश्रमात, लोखंडी खाटेवर. मास्तर जाताना जिन्यावर थांबून काकांना म्हणाले होते, "चाललो बुवा, सोय झाली माझी." त्यानंतर मास्तर कुणालाच दिसले नाहीत.

काकांनी लेकीला फोन लावला. लेक म्हणजे रक्ताचं माणूस, ती तरी खरं सांगेल.

"तुझी वहिनी माझी सोय लावतेय," काका कुजबुजले.

"हो बाबा, मला माहीत आहे," लेक उत्साहानं म्हणाली आणि एकदम अडखळली. "म्हणजे... कसली सोय? मला काहीच माहीत नाही हं. ठेवते मी, दूध उतू जातंय."

म्हणजे सगळेच सामील! अळीमिळी गुपचिळी! काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. मुलगा "बरं नाही का?" म्हणून विचारायला आला, तर त्याच्याकडे असं बघितलं की तो आल्या पावली परत गेला.

पण खरा घाव दुसऱ्या दिवशी बसला. दुपारी सूनबाईच्या खोलीचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं. काका भिंत धरत धरत तिथवर गेले आणि फटीतून डोकावले. सूनबाई आरशासमोर उभी होती. अंगात काकांचा खाकी शर्ट. डावा हात काकांच्याच पट्ट्यानं अंगाशी करकचून बांधलेला. लोंबत्या खांद्यानं ती डावीकडे कलली, तोल सावरला, आणि स्वतःशीच खुदकन हसली.

माझी नक्कल करतेय.

काका भिंत धरून परत आले आणि खुर्चीत बसले. आश्रमाचं दुःख एक वेळ गिळता आलं असतं. सुनेला आपण जड झालो, होतं असं, माणूस थकतं. पण हसावं? ज्या हातानं एवढ्या जणांच्या झडत्या घेतल्या, तो हात आता घरातल्या करमणुकीचा झाला? काकांच्या डोळ्यांना धार लागली. उजव्या हातानं एक डोळा पुसेपर्यंत दुसरा भरून यायचा. त्याच क्षणी त्यांनी ठरवलं, आता जाऊ द्यायचं नाही. मुद्देमालासकट धरायचं, तोंडावर सगळं ऐकवायचं, आणि कुणी पाठवायच्या आत आपणच घराबाहेर पडायचं. कुठं जायचं ते मात्र सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाई बाहेरून आली ती फुगलेली पिशवी घेऊन. दारात काठी आडवी धरून काका उभे होते. अंगात बनियन, पायात काही नाही.

"थांब. झडती."

"अहो बाबा, आत तर येऊ द्या!"

"पिशवी टेबलावर. एकेक वस्तू बाहेर."

तो आवाज फाटकावरचा होता. सूनबाईनं ओठ चावला आणि पिशवी रिकामी केली. आधी निघाला इस्त्री करून आणलेला खाकी शर्ट. काकांनी तो उजव्या हातानं ओढला आणि तो चर्रर्र करत पुढून पार उघडला. बटणं वरच्या वर तशीच होती, पण नुसती दिसायला. खाली वेल्क्रोची पट्टी शिवलेली होती. काकांनी पट्टी मिटवली, उघडली, पुन्हा मिटवली. तोच बंद खोलीतला आवाज.

"हे काय?"

"दुकानातलं तुम्ही फेकून दिलंत. मग म्हटलं, तुमचाच शर्ट शिवावा. बाहेरून बघणाऱ्याला कळायचं नाही."

काकांची बोटं सवयीनं शिवणीवरून फिरत गेली आणि उजव्या बाजूला आत थबकली. डोळे बारीक झाले. "चोरखिसा! हा कशाला?"

"रुमालाला. डावीकडच्या खिशात तुमचा हात पोचत नाही ना."

मग निघाले बूट. तेच काळे, चकचकीत पॉलिश केलेले. लेस बांधलेल्याच होत्या, पण आतल्या बाजूनं बूटवाल्यानं चेन बसवली होती आणि चेनीला एक बोट अडकेल अशी कडी. तळ रबराचा. डावा बूट जरा सैल. "संध्याकाळी पाऊल सुजतं, म्हणून तेव्हाच माप घ्यायला सांगितलं होतं बूटवाल्यानं. जागेपणी तुम्ही घेऊ दिलं असतंत?"

काकांनी पिशवीत पुन्हा हात घातला. बुटांबरोबर पॉलिश करून आणलेला पट्टा तळाशी होता. तो उचलून त्यांनी सूनबाईसमोर धरला. "आणि हा? काल आरशापुढं हात बांधून माझी नक्कल चालली होती. हसत होतीस. मी बघितलंय."

सूनबाईचा चेहरा पडला. मग तिनं डावी बाही वर सारली. दंडावर पट्ट्याचा लाल वळ उमटलेला होता.

"एका हातानं शर्ट घालता येतो का, ते कसं कळणार मला? मऊ फडक्यानं बांधला की हात मधेच निसटायचा, नाहीतर मीच वापरून टाकायची. म्हणून पट्टा घेतला. किती दिवस जमेचना. दरवेळी उसवायचं, पुन्हा शिवायचं. काल पहिल्यांदा पट्टा जरा सैल करून आधी डावी बाही चढवली, पट्टा पुन्हा आवळला, मग उजवी, आणि गेला एकदाचा अंगात. म्हणून हसले हो बाबा. तुम्हाला काय वाटलं?"

काकांना काय काय वाटलं होतं, ते आता कुठल्या तोंडानं सांगणार? त्यांनी शर्ट उचलला. लोंबता हात आधी बाहीत घातला, मग चांगला. चर्रर्र. खुर्चीत बसून एक बोट कडीत अडकवलं आणि चेन वर ओढली. एक बूट. दुसरा बूट. सूनबाई मदतीला पुढं झाली नाही, हात मागं घेऊन उभी राहिली.

काका उठले. दारापर्यंत गेले आणि काठी टेकून मागं वळले.

"सगळ्या घरानं मला फसवलंत," ते म्हणाले, आणि पुढचं बोलताना त्यांचा आवाज फुटला. "मला वाटलं, मास्तरांसारखी माझी सोय लावताय."

सूनबाईला कळायला क्षणभर लागला. कळलं तशी ती तिथंच खुर्चीत बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. काका परत तिच्यापाशी आले. तिच्या दंडावरच्या त्या वळावर त्यांनी उजवा हात ठेवला.

"ऊठ," ते म्हणाले. "खाली इस्त्रीवाल्याला बूट दाखवून येऊ."