केळवणानंतरचा तास

माझं लग्न ठरलं आणि आमच्या अख्ख्या गोतावळ्याला मला जेवू घालायचा चेव आला. केळवणं सुरू झाली. बासुंदी, नारळीभात, पुरणपोळी, आणि तोंडी लावायला ‘अगं, एवढंसं काय घेतेस? सासरी कोण विचारणार आहे?’ पुण्यात आग्रह करत नाहीत म्हणणाऱ्यांनी आमच्याकडचं केळवण बघितलेलं नाही.

मी तेव्हा हिंजवडीला नोकरी करत होते. आमच्या घरातून आयटीत गेलेली मी पहिली. सकाळी स्वारगेटहून कंपनीची बस, संध्याकाळी अमेरिकेतल्या क्लायंटचे फोन, आणि शनिवार-रविवार केळवण. पानात पडेल ते मी संपवायचे. भराभर, खाली न बघता. मावश्या खूश. ‘आजकालच्या मुलींसारखी नाटकं नाहीत हो हिची!’ मी हसायचे, आणि मनात एकच चाललेलं असायचं, की या घरात बाथरूम कुठे आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून हे चाललं होतं. खायचं, घाबरायचं, ओकायचं, पुन्हा असं करणार नाही म्हणून देवाची शपथ घ्यायची आणि ती मोडायची. हा आजार असेल असं मला वाटायचंच नाही. आजारी माणूस वाळतो, मी तर चांगली अंगापिंडाने भरलेली. असले रोग परदेशातल्या मॉडेलना होतात, असं पेपरच्या पुरवणीत छापून यायचं, शेजारी हाडं निघालेल्या गोऱ्या मुलीचा फोटो. आमच्यासारख्या वरणभाताच्या घरात कसले आलेत हे चोचले! मी फक्त घाणेरडी आहे, असं मी धरून चालले होते.

येरवड्याच्या मावशीकडे मात्र घात झाला. तिचं बाथरूम स्वयंपाकघराला लागून. मी डोळे पुसत बाहेर आले तर मावशी दारातच, हातात विड्यांचं तबक. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पोटाकडे बघितलं, आणि आईला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली.

आईने तडक रिक्षा केली. घरी आल्यावर दार लावून घेतलं आणि म्हणाली, ‘खरं सांग. कितवा महिना?’

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा हसू फुटलं. आईने कपाळावर हात मारून घेतला. ‘हसतेस काय कार्टे! पत्रिका वाटून झाल्यात!’

‘तसं काही नाहीये गं,’ मी म्हटलं. ‘मग उलट्या कसल्या?’ तिने विचारलं. पोटात बाळ आहे, हे निदान तिला कळण्यासारखं होतं. हे कुठल्या शब्दांत सांगायचं?

दुसऱ्या दिवशी ती मला मुद्दाम शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, कुणी ओळखीचं भेटायला नको म्हणून. बाकावर बसून ती स्तोत्र पुटपुटत होती. मला भीती वेगळीच. काही नाही असं निघालं की सगळे सुटले म्हणतील, आणि मी पुन्हा पानावर. रविवारी आत्याकडे केळवण होतं. हल्ली जिना चढताना छातीत धडधडायचं, मध्येच एखादा ठोका चुकायचा. आपण मरणार, असं वाटायचं आणि तरी कुणाला सांगवत नव्हतं.

‘काही नाही हो,’ तपासणी झाल्यावर बाई म्हणाल्या.

‘गजानना, पावलास रे बाबा!’ आईने तिथल्या तिथे हात जोडले आणि पर्स उचलून निघालीसुद्धा. मी उठले नाही.

‘बाई,’ मी म्हटलं, ‘मी रोज उलटी काढते. मुद्दाम.’

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझी नाडी पुन्हा धरली. या वेळी बराच वेळ.

‘अहो, पण ही जेवते!’ आई दारातून ओरडली. ‘चांगली चारीठाव जेवते! आणि कुठे वाळलीय?’

‘वजनावरून हे कळत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘आणि हे नखरेही नाहीत. असल्या उलट्यांनी रक्तातले क्षार उतरतात, हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. आज रक्त तपासा, आणि मी चिठ्ठी देते त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.’

‘लग्न झालं की होईल ना बरी?’

‘लग्न हे औषध नाही.’

बाहेर आल्यावर आई जिन्यातच बसली. ‘पोटात पोर असतं तर परवडलं असतं गं,’ ती म्हणाली. ‘शिव्या घातल्या असत्या, लग्न अलीकडे आणलं असतं. याचं मी काय करू?’ आणि ढसाढसा रडली. मला तिचा भयंकर राग आला, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपावंसंही वाटलं.

मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, वेळेवर बेताचं जेवायचं आणि जेवणानंतर तासभर हिला एकटं सोडायचं नाही. आत्याकडचं केळवण आईने रद्द केलं नाही. लोक काय म्हणतील! पण आत्या बासुंदीचं पातेलं घेऊन वाकली, तशी आईने माझ्या पानावर हात आडवा धरला. आग्रह नको असेल तर आपण आपल्या पानावर हात धरतो. दुसऱ्याच्या पानावर कुणी धरलेला मी तोवर बघितला नव्हता.

‘तिला पुरे म्हटलं की पुरे,’ ती म्हणाली. मग मला बाहेरच्या खोलीत नेऊन बसवलं, माझं मनगट धरलं आणि तासभर बोलत राहिली. कोथिंबिरीचा भाव, शेजारणीची सून, काय वाट्टेल ते.

त्याला बरीच वर्षं झाली. होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगितलं, लग्न झालं, उपचार पुढेही बरेच दिवस चालले. मध्ये घसरले, पुन्हा सावरले. अजूनही कुणी जेवायला बोलावलं की मनात आधी बाथरूम कुठे आहे हेच येतं.

लोकांच्या आया फोनवर विचारतात, ‘जेवलीस का?’ माझी आई ते विचारत नाही. ती आमची जेवणं आटोपल्यावर फोन करते आणि म्हणते, ‘बसली आहेस ना?’ मी ‘हो’ म्हणते. मग कोथिंबिरीचा भाव सुरू होतो.

परवा मला ‘हो’ म्हणायला जरा उशीर झाला.

‘तिथेच बस,’ पलीकडून आवाज आला. ‘चपला घातल्यात मी. रिक्षा करून येते.’