करगोट्याचा अर्ज

मालवणच्या तहसील कचेरीबाहेर, पत्र्याच्या शेडखाली, मी गेली सव्वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आहे. शिक्षण आठवीपर्यंतच झाले. परंतु माझा मसुदा वाचून वकिलांनीही मान डोलावली आहे, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. या व्यवसायात अक्षरापेक्षाही संशय अधिक उपयोगी पडतो. समोर बसलेला माणूस मागतो एक आणि त्याला हवे असते दुसरेच. ते दुसरे काय, हे ओळखल्याशिवाय मी पेनाचे टोपण काढत नाही.

पुढे लढाईत मारल्या गेलेल्या त्या मुलावरही मी प्रथम संशयच घेतला होता. सैन्यभरतीसाठी त्याला रहिवासी दाखला हवा होता. मिसरूड धड फुटलेले नाही, छाती मात्र फुगवलेली. हा वय वाढवून सांगत असावा, असे वाटून मी जन्मतारीख दोनदा विचारली. त्यावर तो बाकडे पुढे ओढून, तोंड उघडून बसला.

"काका, दात मोजा. बैलाचा वय तसाच बगतत मां?"

शेडमधले सगळे हसले. मी हसलो नाही. त्याचा शाळेचा दाखला उन्हात धरून तपासला. तारीख बरोबर होती. जाताना तो पाया पडला, तेव्हाही याचे आणखी काही काम असावे असे मला वाटले. काही काम नव्हते.

चार वर्षांनी तो सीमेवरच्या लढाईत गेला. विमानाने आणलेली शवपेटी गावात आली ती बंदच. सोबतच्या अधिकाऱ्याने ती उघडू नये असे घरच्यांना सांगितले. बंदुकांच्या फैरी झाल्या, भाषणे झाली, बापाने अग्नी दिला. फोटोसाठी कोण कोणाला कोपराने मागे सारतो, हे मी गर्दीतून पाहत होतो.

त्यानंतरच्या चैत्रात त्याची आई माझ्या बाकड्यावर येऊन बसली. येत्या पितृपक्षात त्याचा पहिला म्हाळ घालायचा, पितरांत त्याचेही पान वाढायचे, असे घरात ठरले होते.

"माका पलटनीक एक अर्ज लिवून दी. तेच्या कमरेक करगोटो होतो काय, एवढाच इचार."

भरतीला निघताना तिने स्वतःच्या हाताने त्याच्या कमरेला तो काळा दोरा बांधला होता.

"आणि दुसरं काय मागायचं आहे?" मी कचेरीच्या भाषेत विचारले.

"दुसरा काय एक नाय."

मला हे पटले नाही. शहिदाच्या घरच्यांना मिळणाऱ्या सरकारी जमिनीच्या तुकड्यावर तिच्या दिराचे लक्ष असल्याचे मी ऐकून होतो. "दिरानं पाठवलं का तुम्हाला? जमिनीचं काही?"

ती उठून उभीच राहिली. "तुका दिसतत ते सगळे चोरच रे! आणि माझ्यावांगडा कचेरीतला बोला नको. त्या इमानात दोन पेटये होते, असा लोक सांगतत. दुसऱ्या आवशीच्या झिलाक आमी आग दिली आसात तर? मगे मी पान कोणाच्या नावान वाडू?"

मी टोपण काढले.

अर्ज मी माझ्या रीतीने, पण पलटणीसाठी हिंदीत लिहिला. जमिनीच्या अर्जात चतुःसीमा लिहाव्यात, त्याप्रमाणे तिला विचारून करगोट्याचे संपूर्ण वर्णन दिले: काळ्या दोऱ्याचा, पाच पदरी, डाव्या कुशीला तीन गाठी, मधल्या गाठीत तांब्याचा मणी. अर्थ सांगत वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "बरा लिवलस." ती सहीपुरतीच शिकलेली. तिने सही केली.

दोन महिन्यांनी ती उत्तराचे पाकीट न फोडताच घेऊन आली. आत टंकलेले हिंदी पत्र होते. मी अर्थ सांगितला: मृतदेहावर काळ्या दोऱ्याचा, पाच पदरी, डाव्या कुशीला तीन गाठी व मधल्या गाठीत तांब्याचा मणी असलेला करगोटा होता.

तिने हात जोडले. मी मात्र पत्र पुन्हा वाचले. ते वाक्य माझे होते. मी फायलीतून अर्जाची स्थळप्रत काढली. शब्दांचा क्रमही तोच. कचेऱ्या अशीच उत्तरे देतात, अर्जदाराचे वाक्य उचलायचे आणि शेवटी 'होता' जोडायचे, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

"काय झाला रे? खोटा आसा?"

गप्प बसलो असतो तर ती समाधानाने घरी गेली असती. पण पान कोणाच्या नावाने, हा तिचा प्रश्न तसाच राहिला असता, आणि तो राहिला आहे हे फक्त मला माहीत असते.

"खुणा सगळ्यो मीच लिवलंय गो," मी म्हणालो. "तेंका नुसता होय म्हणूचा होता."

माझ्या मसुद्यातला दोष मी त्यापूर्वी कोणापुढे कबूल केल्याचे स्मरत नाही.

"शाणो मेलो! परत लिव. आता तेंका काय एक सांगा नको. नुसता इचार."

दुसरा अर्ज एका ओळीचा झाला. 'माझ्या मुलाच्या अंगावर काय होते, ते ज्याने स्वतः पाहिले त्याने कळवावे.' त्या ओळीला मला अर्धा दिवस लागला.

उत्तर गणपती विसर्जनानंतर आले, हाताने लिहिलेले. मी पाकिटावरचा शिक्का तपासला, शाई तपासली, आणि तिला ऐकवण्याआधी ते दोनदा मनात वाचले. लिहिणारा त्याच्याच तुकडीतला होता. 'त्याला पेटीत मीच ठेवले. कमरेला काळा दोरा होता. थंडीत तो तुटला, तेव्हा त्याने बुटाची हिरवी नाडी जोडून पुन्हा बांधला होता. आम्ही हसायचो, तर म्हणायचा, आईला कळवू नका, ती दुसरा घेऊन इथवर येईल. मणी वगैरे मला दिसला नाही.'

मण्यापाशी माझा संशय थांबला. जुळवून लिहिणाऱ्याने पहिला अर्ज पाहून मणी नक्की घातला असता. हे मी तिला समजावू लागलो, पण ती ऐकत नव्हती.

"दुसरो घेवन इलंय असतंय," ती म्हणाली. "खराच इलंय असतंय मी."

मग तिने डोळे पुसले, पत्र घडी करून ब्लाउजात ठेवले आणि पिशवी उचलली.

"तेच्या पानाक काळ्या वाटाण्याचा सांबारा करूक होया. तेका लय आवडी. बरे वाटाणे खंय गावतत रे हंय?"

मी दुकान सांगितले. ती रस्ता ओलांडून बाजाराच्या गर्दीत शिरेपर्यंत मी पुढच्या माणसाला बसायला सांगितले नाही.