वाठारच्या उतारावरचा ऊस

कोडोलीच्या बाळाबाई कांबळेला हायवे झाडायच्या कामावर लागून बरीच वर्षं झाली होती. नवरा वारला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती कामावर गेली, तेव्हा पोरगा अतुल शाळेत होता. आता त्याचं लग्न होऊन घरात सोनम सून म्हणून आली, तरी बाळाबाईच्या हातातला खराटा काही सुटला नव्हता. किणीच्या बाजूनं वाठारच्या फाट्यापर्यंत कोल्हापूरकडं जाणाऱ्या रस्त्याची कड तिच्याकडं आणि तिच्या जोडीदारणीकडं, सरुबाईकडं. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, नाकातोंडावर पदराचा वेढा, आणि पाठीमागनं सतत गाड्यांचा वारा.

झाडायचं म्हणजे पाला नि धूळ, असं लोकांना वाटतं. बाळाबाई उचलायची ते वेगळंच असायचं. ट्रकच्या टायरच्या फाटून उडालेल्या पट्ट्या, त्यातनं तारा बाहेर आलेल्या. कुणाच्या टपावरनं सुटलेली ताडपत्री. काचा. गाडीतनं भिरकावलेले जेवणाचे डबे, आणि ते खायला येऊन मेलेली कुत्री. पण तिचा खरा राग दगडांवर. ट्रक बंद पडला की ड्रायव्हर चाकाला दगड लावतो, आणि गाडी सुरू झाली की दगड तिथंच ठेवून निघून जातो. दोन्ही हातांनी मांडीपर्यंत उचलून ते दगड कडेच्या चरीत टाकताना तिची कंबर धरायची. सुरुवातीला ती त्या ड्रायव्हरांना शिव्या द्यायची. पुढं शिव्या द्यायचंही सुटलं. दगड दिसला की उचलायचा, एवढंच राहिलं.

थंडीत कारखाने सुरू झाले की या सगळ्यावर ऊस. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस जायचे, आणि खड्डा आला की वरच्या मोळ्या घसरायच्या. पडलेला ऊस चार चाकांखाली गेला की त्याचं चिपाड होतं, रस आणि धूळ मिळून रस्त्यावर साबणासारखा चोथा बसतो, आणि मोटारसायकलचं चाक त्यावर ठरत नाही. असा ऊस कडेला पडला तर बाळाबाई उचलायची. मधल्या पट्ट्यात पडला तर मात्र आत जायचं नाही, असा कामाचा नियम होता. मुकादम भाऊसोला फोन करायचा. तो गाडी पाठवणार, गाडीतली माणसं आधी रस्ता अडवणार आणि मग ऊस उचलणार. नियम चांगला होता. गाडी मात्र एकच होती, आणि रस्ता लांब होता.

उसाच्या त्या ट्रॅक्टरांतला एक अतुल चालवायचा. मालक दुसरा, अतुल नुसता ड्रायव्हर. आई दिसली की तो हॉर्न वाजवून हात वर करायचा. सरुबाई म्हणायची, पोरगा गुणाचा हाय. बाळाबाईला बरं वाटायचं. पण ट्रॉली पुढं गेली की तिची नजर मागच्या मोळ्यांवर जायची. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत असायचा आणि वर एक साधा दोरही आवळलेला नसायचा. घरी ती दोन-तीनदा बोलली होती. तो म्हणायचा, भरणारी टोळी भरती, मी काय करू.

जानेवारीतल्या एका सकाळी धुकं नुकतंच विरलं होतं. अतुलचा ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजला, हात वर झाला. उताराला लागताना मागची ट्रॉली उखणलेल्या डांबरावर आदळली आणि कवळाभर ऊस मधल्या पट्ट्यात सांडला. त्याला कळलंही नाही. तो फाट्याकडं निघून गेला.

बाळाबाईनं भाऊसोला फोन लावला. भाऊसो म्हणाला, गाडी पाठवतो, पण मावशी, तुम्ही आत पाऊल टाकू नका. ती कडेला उभी राहून लाल फडकं हलवत राहिली. एक मोटार वळसा घालून गेली, एक तशीच वरनं गेली. मग एक मोठा कंटेनर आला आणि त्याच्या मागं घुणकीचा ज्ञानू. ज्ञानू रोज मोटारसायकलला कॅन लावून शिवाजी पेठेत दूध घालायला जायचा, आणि जाताना "मावशी, सांभाळून" म्हणायचा. कंटेनर उसावरनं पार झाला. त्याच्या आडून ज्ञानूला रस्ता दिसला नाही. चाक चोथ्यावर गेलं आणि गाडी आडवी होऊन फरफटली. कॅनची झाकणं उडाली, आणि दूध उताराला लागून बाळाबाईच्या पायापर्यंत आलं.

मग नियम कुठला आठवतोय. सरुबाई फडकं घेऊन गाड्यांच्या तोंडाला उभी राहिली आणि बाळाबाईनं ज्ञानूला काखेत धरून कडेला ओढला. पाय मांडीत मोडला होता. तो ओरडला नाही, नुसता "दूध, दूध" म्हणत होता. माणसं जमली, अॅम्ब्युलन्स आली, तो गेला. माणसं ट्रॉलीवाल्यांना शिव्या देऊन पांगली. कुठली ट्रॉली, हे कुणी विचारलं नाही. बाळाबाईनं ऊस गोळा केला, चोथा खरवडून काढला आणि वरनं माती टाकली. दूध पुसायला काहीच नव्हतं.

संध्याकाळी अतुल जेवायला बसला तेव्हा तिनं सांगितलं. त्याचा हात ताटात थांबला.

"माझ्याच ट्रॉलीतला कशावरनं?" तो म्हणाला. "दिसाला किती ट्रॉल्या जात्यात तितनं."

"मी तितंच हुते की उभी. डोळ्यांनी बघितलंय."

"मग आता काय म्हणणं हाय तुझं? पोलिसात जाऊ?"

सोनमनं भाकरी पुढं केली, ती त्यानं घेतली नाही. तो उठून बाहेर गेला. बाळाबाईनं त्याच्या ताटावर झाकण ठेवलं आणि पडून राहिली. झोप लागली नाही.

पुढच्या सुट्टीला ती कोल्हापूरला दवाखान्यात गेली. ज्ञानूचा पाय वजनाला बांधून वर टांगला होता. त्याची बायको धोंडुबाई उशाशी बसली होती. तिनं बाळाबाईचे हात धरले, तुम्ही होता म्हणून माणूस हाताला लागला, म्हणाली. घरच्या म्हशी आता दिराच्या गळ्यात पडल्यात, पेठेतली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडं चाललीत, हेही सांगून झालं. मग सहज विचारावं तसं तिनं विचारलं, ट्रॉली कुणाची हुती ते काय कळलं न्हाय व्हय?

न्हाय म्हटलं असतं तर चाललं असतं. बाळाबाईनं एसटीत बसल्यापासनं न्हाय म्हणायचंच ठरवलं होतं. पण तिच्या हातात अजून त्या बाईचे हात होते.

"आमच्या अतूची," ती म्हणाली. "माझा पोरगा हाय त्यो."

धोंडुबाईनं हात काढून घेतले. ज्ञानूनं तोंड भिंतीकडं केलं. शेवटी धोंडुबाई हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही जावा आता." बाळाबाई उठली. आणलेली केळी ठेवावीत की न्यावीत हे तिला कळेना. केळी तशीच खाटेवर राहिली.

घरी येऊन तिनं अतुलला हेही सांगितलं. तो काही दिवस तिच्याशी बोलला नाही. रस्त्यावर दिसली तरी हात वर करायचा बंद झाला. मग एका सकाळी न सांगता तो दवाखान्यात जाऊन आला. तिथं काय झालं ते त्यानं आईला सांगितलं नाही. सोनमला एवढंच म्हणाला की ज्ञानूनं बसायला सांगितलं आणि त्याची बायको बाहेर निघून गेली. त्यानंतर त्यानं जाड दोरखंडाचा सोल विकत आणला. ट्रॉली भरली की तो स्वतः वर चढायचा, लोंबणारा ऊस आत ढकलायचा आणि दोन्हीकडनं आवळून बांधायचा. टोळीवाले हसायचे. बांधण्यात वेळ जायचा, आणि कारखान्याच्या रांगेत नंबर मागं पडायचा. मालकानं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. अतुलनं ऐकलं नाही. तिसऱ्यांदा मालकानं किल्ली मागून घेतली आणि दुसरा ड्रायव्हर बसवला.

अतुल आता शिरोलीला फौंड्रीत जातो. भट्टीपुढं उभं राहून डोळे लाल करून येतो. आईवर राग आहे की गेला, ते बाळाबाईला अजून ओळखता येत नाही. जेवताना तो तिला भाकरी वाढ म्हणतो, एवढ्यावर ती समाधान मानते.

तोच ट्रॅक्टर, त्याच दोन ट्रॉल्या, हंगाम संपेपर्यंत रोज तिच्या समोरनं जात होत्या. नवा ड्रायव्हर सोल बांधत नव्हता. ऊस पडायचा. बाळाबाई भाऊसोला फोन करायची, फडकं हलवत उभी राहायची. गाडी यायची तेव्हा यायची.

दुधाचं काम आता धोंडुबाई दिराच्या टेम्पोतनं करते. सकाळी टेम्पो जातो तेव्हा ती पुढच्या सीटवर कॅनचा हिशेब लावत बसलेली दिसते. बाळाबाईकडं बघत नाही. दीर मात्र उताराला गाडी हळू करतो. ज्ञानू काठी घेऊन अंगणात हिंडतो, असं सरुबाईला कुणीतरी सांगितलं.

कारखाने बंद झाले, ऊस यायचा थांबला. ऊन वाढलं तसे टायर फुटायला लागले, आणि तारांच्या पट्ट्यांनी कड काळी दिसायला लागली. परवा दुपारी दोघी पुलाच्या सावलीत भाकरी खाऊन बसल्या होत्या. सरुबाई म्हणाली, त्या वळणावर मघाशी एक ट्रक बंद पडला हुता, आता गेलाय. बाळाबाईनं पाण्याची बाटली बंद केली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि दगड बघायला निघाली.