पोलक्याला दिलेला शेक

नाव: श्री. भागोजी गंगाराम भाटकर. राहणार मांडवी, रत्नागिरी. पद: प्रयोगशाळा परिचर. शिक्षण: नववी. नेमून दिलेली कामे: उपकरणे पुसणे, मांडणे, परत कपाटात ठेवणे. उपकरणांविषयी मत देणे: कार्यकक्षेबाहेर.

२००१ साली कॉलेजात भौतिकशास्त्राच्या उमा मॅडमनी एक प्रयोग उभा केला. कानाला न ऐकू येणारा आवाज डोळ्यांनी बघायचा. काचेच्या टाकीत पाणी, दोन्ही अंगांना आरसे, पुढे दाढीचं पातं. आवाजाने पाणी दबलं की त्यातून जाणारा दिव्याचा प्रकाश किंचित वाकतो; सरळ आलेला पात्यावर अडतो, वाकलेला तेवढा निसटून पडद्यावर उमटतो. पाण्यात बुडबुडे नकोत म्हणून भागोजी ते आदल्या दिवशी उकळून ठेवी. पातं केसभर सरकवणं मॅडमना जमत नसे, भागोजीला जमे. याची नोंद कुठेही नाही.

त्याची आत्या गोदूबाई मासे विकायची. खांदा आखडला आणि पाटी डोक्यावर चढेना. नव्या डॉक्टरने याच आवाजाचा, म्हणजे अल्ट्रासाउंडचा, शेक सुरू केला. दहा दिवस झाले, गुण शून्य.

"आत्ये, पोलक्यावरनंच लावतो काय गो तो?"

"मग काय उघडी बसू? पोरगा माझ्या नातवाएवढा. तो तर माझ्याहून लाजतो!"

"कापडातनं जायचा नाय तो आवाज."

"तू रे कधी डॉक्टर झालास? भिंगं पुसतोस ना?"

शनिवारी मॅडमना विचारून भागोजीने तिला प्रयोगशाळेत आणलं. टाकीत सोडलेला, आवाज काढणारा दांडा बघून ती म्हणाली, "हा तर डॉक्टरचाच!" खिडक्या लावल्या. पडद्यावर दांड्यापासून निघालेला उजेडाचा थरथरता पट्टा उमटला.

"अगो बाय! उन्हात कातळावर हवा थरथरते, तसंच!"

भागोजीने पोलक्याच्या कापडाचा तुकडा पाण्यात दांड्यापुढे धरला. पट्टा तिथेच संपला. पलीकडे काळोख.

"धाग्यांत हवा अडकते," मॅडम म्हणाल्या, "तिच्यापुढे या आवाजाचं काही चालत नाही."

गोदूबाईने तुकडा स्वतः घेतला. काढला, घातला, पुन्हा काढला. चार वेळा.

"मेला, चिंधीला भितो!" मग एकदम थांबली. "म्हणजे दहा दिवस माझ्या पोलक्यालाच शेक दिला?"

मॅडमना हसू आवरेना. गोदूबाईलाही.

सोमवारी ती खांद्याची शिवण चार बोटं उसवलेलं पोलकं घालून, पदर चापून दवाखान्यात गेली. "इथेच लाव," डॉक्टरला बजावलं, "आणि इथेच बघ."

चौथ्या आठवड्यात तिने पाटी स्वतः उचलून डोक्यावर घेतली.